अहवाल कोणाच्या मालकीचा?



शास्त्रज्ञांचा अहवाल सरकारदरबारी दाखल झाला की धोरण शास्त्रशुद्ध होते, असा आपला एक भाबडा समज आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटाविषयीचा अहवाल केंद्र सरकारला सादर केला. संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर करावेत आणि अंतिम निर्णयात ग्रामसभांचा वाटा असावा, ही त्याची भूमिका होती. परंतु ज्यांच्या जीविताशी त्याचा संबंध, त्यांच्यापासूनच तो दडवला गेला. माहिती अधिकाराचा लढा दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा मे २०१२ मध्ये तो खुला झाला. पुढे कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये संरक्षणाचे क्षेत्र सुमारे ३७ टक्क्यांवर आणले.

त्यानंतर २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडींखाली गाडली गेली. प्रत्येक दरडीचे कारण एकच, असे विज्ञान सांगत नाही. मात्र कोणता उतार धोक्याचा, हे जाणण्याचा पहिला हक्क त्या उताराखाली झोपणाऱ्यांचा आहे. म्हणून आपली मागणी साधी आहे: असा प्रत्येक अहवाल मराठीत छापावा, ग्रामसभेत वाचावा, आणि मगच सरकारने निर्णय घ्यावा.