मोहोरबंद फिर्याद

सरकारकडे जाणारीं बिलें खोटीं आहेत असें एखाद्या कारकुनास आढळलें, तर त्यानें काय करावें? अमेरिकेंत असा मनुष्य वकिलाकडे गेला, कीं वकील प्रथम बजावतो, 'तूर्त कोणाशींही बोलूं नका.'

या सल्ल्यामागें १८६३ चा कायदा आहे. यादवी युद्धांत सैन्यास निकृष्ट माल पुरवून खजिना लुटणाऱ्या कंत्राटदारांविरुद्ध, अध्यक्ष लिंकन यांच्या कारकीर्दींत तो झाला. त्यान्वयें खासगी इसमही सरकारच्या वतीनें दावा लावूं शकतो. १९८६ च्या दुरुस्तीनुसार अशी फिर्याद निदान ६० दिवस मोहोरबंद राहते. प्रतिवादीस ती कळूं द्यावयाची नसते. ही मुदत पुष्कळदां वाढतच जाते. तोंवर फिर्यादी त्याच कचेरींत, त्याच वरिष्ठासमोर कागद ठेवीत बसलेला! मला तर हाच काळ सर्वांत अवघड वाटतो.

दावा यशस्वी होऊन सरकारनें तो चालविला असेल, तर वसुलीचा १५ ते २५ टक्के वांटा फिर्यादीस मिळतो. एरवीं २५ ते ३०. वकिलाची फी बहुधा त्यांतूनच निघते. आपल्याकडे अशा भागीस वकिलांना मनाई आहे. तेथें त्यामुळें गरिबाचाही दावा उभा राहतो. पण रकमा लहान असल्या, कीं खऱ्या तक्रारीलाही वकील मिळणें कठीण. वंशभेदाच्या दाव्यांत १९७६ च्या कायद्यानें ही अडचण कांहींशी हलकी केली: वादी जिंकल्यास त्याच्या वकिलाची वाजवी फी न्यायालय प्रतिवादीकडून देववूं शकतें.

आणि फिर्यादीची नोकरी गेली तर? तीच जागा व बुडालेल्या पगाराची दुप्पट मागतां येते, मात्र ३ वर्षांच्या आंत. म्हणून वकील पहिल्याच भेटींत तारखांचें टिपण करवून घेतो.