खाजकुहिली आणि मेंदूचे रक्षण

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. बँकेत कारकून आहे. परंतु काउंटरवरही आजार दिसतो. एखाद्या पेन्शनधारकाची सही वर्षागणिक बारीक होत जाते, हात थरथरतो, सही नमुन्याशी जुळत नाही. यामागे कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार असू शकतो. अशा घरी मेंदू वाचविणारी जडीबुटी विकणारा हमखास पोहोचतो. म्हणून हा विषय.

वनस्पतीत औषध असते, हे खरे आहे. आपल्या भागात कुंपणावर चढणारी, अंगाला खाज आणणारी खाजकुहिली सर्वांना ठाऊक आहे. तिच्या बियांतून, म्हणजे कवचबीजातून, मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे केले. कंपवातात मेंदूतील डोपामिन कमी पडते. लेव्होडोपापासून ते मेंदूत तयार होते. २००४ साली लंडनमधील एका अभ्यासात आठ रुग्णांना या बियांची पूड दिली, तेव्हा तिचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला व अधिक वेळ टिकला.

परंतु मित्रहो, गुण येणे वेगळे आणि रक्षण होणे वेगळे. लेव्होडोपाने हालचाल सुधारते. मरत चाललेल्या पेशी वाचतात, असे सिद्ध झालेले नाही. बाजारातील पुडीत ते किती आहे, हे कळत नाही. गोळीसोबत पूडही घेतली तर मात्रा वाढते. मळमळ, भास, चक्कर असे त्रास होतात. पुडीच्या भरवशावर गोळी एकाएकी बंद करणे तर जिवावर बेतू शकते.

स्मृतिभ्रंशाचेही तसेच. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांवर गिंको या झाडाच्या पानांचा अर्क तपासला गेला. २००८ साली निष्कर्ष आला : स्मृतिभ्रंश टळला नाही. ब्राह्मी किंवा हळदीने तो टळतो, असाही पुरावा नाही.

मग रक्षण कशाने होते? 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली चौदा कारणे सांगितली. ती सर्व दूर झाली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू, कमी ऐकू येणे, एकाकीपणा आहे आणि बालपणी शिक्षण न मिळणे हेही आहे. भारतात साठीपुढील शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशिक्षित, स्त्रिया व खेड्यातील माणसे यांचे प्रमाण अधिक आढळले. ज्यांना शाळा नाकारली गेली, त्यांना म्हातारपणीही त्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून विनंती एवढीच. घरातील वडीलधाऱ्यांचा रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. कोणतीही पूड सुरू असेल तर डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. आणि मुलीची शाळा मध्येच सोडवू नका. तिच्या मेंदूचे रक्षण तिथूनच सुरू होते.

जयभीम!