दुष्काळाखेरीज आम्हांला आयुष्य नाही काय?



साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद एकदाच मिळतं. आभार मानायला शेवटी कुणीतरी उभं राहीलच, मी भांडायला उभा आहे.

मराठी कादंबरीत कित्येक वर्षं एक वाटणी चालू आहे. घर, मैत्री, प्रेम, वयात येणं हे शहरवाल्यांच्या वाट्याला, आणि पाऊस, कर्ज, बैल, सरपंच आमच्या वाट्याला. ही वाटणी कुणी केली हे या मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ती करणाऱ्यांना आमच्याच जिल्ह्यातून साथ देणारे कोण, तेही ठाऊक आहे. दुष्काळावर पुस्तकामागून पुस्तक काढायचं, त्यावर पुरस्कार घ्यायचे आणि इथल्या एखाद्या पोरानं प्रेमाची गोष्ट लिहिली की ‘अनुभव अस्सल नाही’ म्हणून शेरा मारायचा, हा त्यांचा धंदा आहे. उरमोडी धरणाचं पाणी आपल्या खटाव तालुक्यात आलं, जिहे-कठापूर योजनेचं आलं. यांच्या पुस्तकातला दुष्काळ मात्र हटायला तयार नाही.

आता ‘बनगरवाडी’ घ्या. व्यंकटेश माडगूळकर आटपाडीकडच्या माडगूळचे, म्हणजे आपलेच. पुस्तक १९५५ चं. ज्या औंध संस्थानातली ती कथा आहे, ते औंध आपल्याच तालुक्यात आहे. गेली कित्येक वर्षं ही कादंबरी धनगरांचं जीवन, मेंढरं आणि दुष्काळ यांचं चित्रण म्हणून शिकवली जाते. परीक्षेत प्रश्न तेवढाच येतो. अहो, ती एका पोराच्या मोठं होण्याची कादंबरी आहे! मिसरूड फुटतंय अशा वयाचा मास्तर घर सोडून परक्या वाडीत जातो. कारभाऱ्यासारखा म्हातारा त्याला बापाची माया लावतो. कारभाऱ्याच्याच लेकीची, अंजीची चोळी शिवून आणण्याच्या साध्या कामावरून तो म्हातारा त्याच्यावर बिथरतो. आनंदा रामोशी, आयबू अशी माणसं त्याची सोबती होतात. तालीम उभी करताना त्याला कळतं की माणसं जोडणं म्हणजे काय. शेवटी वाडी उठून जाते आणि तो तिथून निघतो, तेव्हा आला होता तो पोरगा उरलेला नसतो. याला घर, मैत्री, वयात येणं म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ ला आली. नववीतली मुलं, आणीबाणीचा काळ, पहिलं प्रेम. मला ती फार आवडते. माझ्या नातीला मी स्वतः वाचून दाखवली. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ २००६ ची. बहीण-भाऊ दोघांचा एकाच माणसावर जीव जडतो, हे लिहायला धाडस लागतं. या लेखकांशी माझं भांडण नाही. नेमाड्यांच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर खेड्यातलाच. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणानं त्याचं अख्खं घर हलतं. पण १९६३ पासून आजवर ‘कोसला’ला कुणी ग्रामीणच्या फडताळात टाकलं नाही, हे चांगलंच झालं. मग ‘बनगरवाडी’च्या मास्तरनं काय घोडं मारलं होतं?

आणि गौरी देशपांडे? इरावती कर्व्यांची लेक, म्हणून सगळे त्यांना पुण्याच्या धरतात. त्या कित्येक वर्षं राहिल्या कुठं? फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत. लग्न, मैत्री, बाईचं स्वातंत्र्य यांवर ज्या ताकदीनं त्यांनी लिहिलं, तशी ताकद क्वचित दिसते. त्या बाईंचं घर आपल्या शेजारच्या तालुक्याच्या मातीत होतं. ‘विंचुर्णीचे धडे’ नावाचं त्यांचं पुस्तक आहे, ते या मंडपात किती जणांच्या घरी आहे?

माझे वडील गलाईच्या कामावर दक्षिणेत होते. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरातलं कुणी ना कुणी सोनं-चांदी गाळायला परमुलखात गेलेलं आहे, त्यामुळं मी काय सांगतोय ते तुम्हाला कळेल. वडील औंधच्या यमाईच्या यात्रेला यायचे. सदऱ्याला तेजाबाचा वास. आठ दिवस मी त्यांच्याकडं पाहुण्यासारखा बघायचो. ओळख पटेपर्यंत त्यांची गाडी निघायची. आईला लिहिता येत नव्हतं, तिची पत्रं मी लिहायचो. ती सांगायची, ‘सगळं बरं आहे, काळजी करू नये.’ सांगताना तिचे डोळे वेगळंच बोलायचे, आणि ते लिहायचं की नाही हे चौथीतल्या पोरानं ठरवायचं. दहावीचा निकाल लागायच्या आत माझ्या जिवलग मित्राला मामानं गलाईच्या दुकानावर नेलं. तो जिच्यासाठी झुरत होता तिचं लग्न झाल्याचं त्याला मीच कळवलं.

हे सगळं मी कादंबरीत लिहिलं. एका नावाजलेल्या प्रकाशकानं हस्तलिखित परत पाठवलं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘भाषा चांगली आहे, पण तुमच्या भागातला दुष्काळ कमी पडतो.’ ती चिठ्ठी माझ्याकडं अजून आहे.

दुष्काळाबाहेरच्या गोष्टी इथं कमी आहेत काय? आपण बसलो आहोत त्या याच वडूजला ९ सप्टेंबर १९४२ ला कचेरीवरच्या मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबतचे वीर पडले. दरवर्षी आपण हुतात्म्यांना वंदन करतो, करायलाच हवं. पण मोर्चाला निघताना त्या घरांत काय बोलणं झालं असेल? कोण कुणाच्या भरवशावर पुढं गेलं? मागं राहिलेल्या पोरांना कुणी वाढवलं? मला ती कादंबरी हवी आहे. माझ्या वाचनात अजून आलेली नाही.

तुळजापूरच्या देवीदास सौदागरांनी शिवणकाम करत ‘उसवण’ लिहिली आणि २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळवला. घर चालवणाऱ्या शिंप्याची गोष्ट त्यांनी कुणाची परवानगी न मागता लिहिली. आपल्या पोरांनीही मागू नये.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. आपल्या मंडळाचा कादंबरी पुरस्कार ‘ग्रामीण’ आणि ‘इतर’ असा दोन भागांत दिला जातो. ही विभागणी आज दुपारच्या खुल्या अधिवेशनात ठराव करून रद्द करा. ठराव मी स्वतः मांडणार आहे, अनुमोदन कोण देतो ते मला बघायचं आहे. आणि गलाईवाल्यांच्या पोरापोरींनो, तुमच्या घरातलं प्रेम, भांडणं, वाट बघणं लिहा. कच्चा खर्डा असला तरी माझ्याकडं आणून द्या. मी तो अक्षर न् अक्षर वाचीन, आणि परत करताना त्यात दुष्काळ किती आहे हे विचारणार नाही.