फोन गेला तरी गटाचा हिशोब जाऊ नये
(दोंडाईचा येथे प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत झालेल्या मार्गदर्शनाचा मजकूर)



आज विषय कर्जाचा नाही, बचतीचाही नाही. विषय आहे आपल्या पिशवीतल्या फोनचा. बँकेच्या हप्त्याच्या पावतीचा फोटो त्यात, इतिवृत्ताच्या पानाचा फोटो त्यात. बिबडे, पापड आणि मिरची पावडर घेणाऱ्या गिऱ्हाइकांचे नंबरही त्यातच. फोन मेला की बाई डोक्याला हात लावून म्हणते, "समदं गयं!" खरंच समदं गेलेलं असतं का? कधी असतं, कधी नसतं. कधी काय होतं ते आज समजून घेऊ.

फोनच्या आत साठवणीची एकच जागा असते, पण तिचे हिस्से पाडलेले असतात. इंग्रजीत त्याला पार्टिशन म्हणतात. आपल्याला सातबारा कळतो ना? एकच गट, पण त्याचे पोटहिस्से. तसंच हे. एका हिस्स्यात फोन सुरू करणारी यंत्रणा, एकात अँड्रॉइड स्वतः, एका छोट्या हिस्स्यात दुरुस्तीची सोय म्हणजे 'रिकव्हरी', आणि उरलेला सगळ्यात मोठा हिस्सा तुमचा: फोटो, नंबर, व्हॉट्सअॅप, अॅपमधल्या नोंदी. ३२ जीबीचा फोन नवाकोरा घेतला तरी त्यातली बरीच जागा आधीच भरलेली दिसते, ती या बाकीच्या हिस्स्यांमुळे. दुकानदाराने फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका.

हे हिस्से वेगवेगळे आहेत याचा फायदा मोठा आहे. फोन कंपनीच्या नावावर येऊन अडकला, पुढे जातच नाही, तर बहुतेक वेळा बिघाड अँड्रॉइडच्या हिस्स्यात असतो. तुमचा हिस्सा आत जसाच्या तसा असू शकतो. आणि नेमकं तेव्हाच आपण घाई करतो. दुकानात फोन देतो, पोरगा म्हणतो, "सॉफ्टवेअर मारावं लागेल." आपण मान हलवतो. आपल्याच भागातल्या एका सचिव ताईंचा फोन असाच अर्ध्या तासात चालू होऊन आला. फोन झकास, पण आत काहीच नाही. वर्षभराच्या पावत्यांचे फोटो गेले. वही होती म्हणून हिशोब जुळला, पण बँकेच्या पावत्यांसाठी शाखेत तीन चकरा झाल्या, आणि चकरा म्हणजे बुडालेली मजुरी.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारायचा: "दादा, डाटा राहील का?" तो "सांगता येत नाही" म्हणाला तर फोन परत घ्या आणि आधी दुसऱ्या ठिकाणी विचारा. रिकव्हरीच्या काळ्या पडद्यावर 'वाइप कॅशे पार्टिशन' आणि 'वाइप डेटा' अशा दोन ओळी दिसू शकतात. पहिलीने फक्त तात्पुरता कचरा निघतो, फोटोंना धक्का लागत नाही. दुसरीने तुमचा हिस्सा साफ होतो. काही फोनमध्ये दुसरीच ओळ असते. तिथे बोट लावू नका, 'रिबूट' करून बघा.

आता कोणी म्हणेल, पुसलेलं परत आणणारे अॅप असतात की! जुन्या काळी हे बऱ्यापैकी खरं होतं. फाइल पुसली म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव तेवढं खोडलं जायचं, जमीन तशीच पडून राहायची. दुसऱ्याने पेरणी करेपर्यंत जुनं पीक सापडायचं. मेमरी कार्डाचं आजही बरंचसं तसंच आहे. म्हणून कार्डावरचे फोटो चुकून पुसले तर ते कार्ड लगेच काढून ठेवा, त्यावर नवा फोटो काढू नका. संगणकाला लावून ते सापडण्याची आशा असते. जाणकार माणूस आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल काढतो आणि शोधाशोध त्या नकलेवर करतो.

फोनच्या आतल्या साठवणीचं मात्र गणित बदललं आहे. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनपासून तुमच्या हिस्स्याला कुलूप सक्तीचं झालं. आत सगळं सांकेतिक लिपीत लिहिलेलं असतं आणि फोन रीसेट केला की त्याची किल्लीच नष्ट होते. पेटी जागेवर, किल्ली विहिरीत. मग दोन हजार घेऊन "रीसेट झालेल्या फोनमधून सगळं काढून देतो" असं कोणी म्हणत असेल तर पैसे खिशातच राहू द्या. आणखी एक. आतल्या हिस्स्याची पूर्ण नक्कल काढण्यासाठी फोन 'रूट' करा असं यूट्यूबवर सांगतात. त्यासाठी आधी बूटलोडर उघडावा लागतो, आणि तो उघडतानाच तुमचा हिस्सा पुसला जातो. जे वाचवायला निघालो तेच आधी घालवायचं!

पडदा फुटलेला किंवा पाण्यात पडलेला फोन ही वेगळी गोष्ट. तिथे डाटा आत असू शकतो. पाण्यात पडलेला फोन चार्जिंगला लावू नका, बंद करून दुरुस्तीला न्या. फुटलेला पडदा बदलून घ्या, पिन तुम्हाला माहीत असेल तर सगळं तसंच मिळेल.

पण तायांनो, या सगळ्या नंतरच्या गोष्टी. बियाणं घरात आधी बाजूला काढून ठेवतो, तसं नक्कल आधी काढून ठेवावी लागते.

सगळ्यात आधी जीमेल. इथल्या किती जणींना आपल्या जीमेलचा पासवर्ड माहीत आहे? बहुतेकींचं खातं दुकानातल्या पोराने किंवा भाच्याने काढलेलं. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. बँकेचं पासबुक आपण भाच्याकडे ठेवतो का? फोन रीसेट झाला की तो जुन्या खात्याचा पासवर्ड किंवा जुना पिन मागतो. तो नसेल तर फोन नुसता दगड. आज घरी जाऊन खात्याचं नाव आणि पासवर्ड घरच्या वहीत लिहा. रिकव्हरीसाठी दिलेला नंबर स्वतःचाच आहे ना, तेही बघा.

मग नंबर. नाव साठवताना फोन विचारतो: सिममध्ये, फोनमध्ये की गुगल खात्यात? गुगल खातं निवडा. फोन तापी नदीत पडला तरी नव्या फोनवर तेच खातं उघडलं की नंबर येतात. चुकून पुसलेला नंबर गुगलच्या कचरापेटीत ३० दिवस असतो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो ६० दिवस राहतो. म्हणून पहिल्यांदा कचरापेटी बघा, मग रडा.

गुगलची फुकट जागा १५ जीबी आहे. त्यातच फोटो, मेल आणि आता व्हॉट्सअॅपचा बॅकअपही मोजला जातो. सकाळच्या गुलाबाच्या फुलांनी ती भरते आणि पावतीला जागा उरत नाही. फुलं पुसा, व्हिडिओ बॅकअपमधून वगळा.

व्हॉट्सअॅप रोज रात्री २ च्या सुमारास फोनमध्येच आपली एक नक्कल ठेवतं. फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, मग मीडिया, आणि त्यात व्हॉट्सअॅपचं फोल्डर असतं. ते अख्खं पेनड्राइव्हवर उतरवता येतं. नव्या फोनवर तोच मोबाइल नंबर लागतो, म्हणून सिम बंद पडू देऊ नका.

मेमरी कार्ड घालताना 'पोर्टेबल' निवडायचं. 'इंटर्नल' निवडलं तर ते कार्ड त्या एकाच फोनशी बांधलं जातं. फोन मेला की कार्डही वाचता येत नाही.

ऑनलाइन नोंदी करणाऱ्या सखींसाठी वेगळं सांगते. रेंज नसताना भरलेली माहिती सर्व्हरवर जाईपर्यंत फक्त फोनमध्येच असते. अॅप अडकलं की मुलगा सांगतो, "क्लिअर डाटा कर." अपलोड झाल्याशिवाय करू नका. फोन हलका असला की ही पाळी जास्त येते. अंगणवाडी ताईंनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर सरकारी फोन परत केले, ते आठवतं ना? दोन जीबी रॅमच्या फोनवर पोषण ट्रॅकर चालेना, दुरुस्तीचा खर्च अंगावर. काम आमचं आणि बिघाडाची जबाबदारीही आमची, हे त्यांनी ऐकून घेतलं नाही. बरोबर केलं असं माझं मत आहे.

आपल्या संघासाठी माझी सूचना अशी. प्रत्येक ग्रामसंघाने एक पेनड्राइव्ह घ्यावा आणि तो गटाच्या पेटीत ठेवावा. मासिक बैठकीच्या दिवशी पावत्या, इतिवृत्त आणि ठरावांचे फोटो त्यात उतरवावेत. घरचे फोटो, आधार, बँकेचे पिन त्यात अजिबात नकोत, ती पेटी सगळ्यांची आहे. आणि वही बंद करायची नाही. कोणी कितीही म्हणो, वही रीसेट होत नाही.

फोनवर *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय नंबर दिसतो, तोही वहीत लिहा. चोरी झाली तर पोलिसात तक्रार आणि संचार साथीवर फोन बंद करायला तोच लागतो. पैशाची फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करायचा, हे पाठच करा.

आता चहा झाला की फोन घेऊन या टेबलाशी या. पेनड्राइव्ह जोडायच्या ओटीजी पिना दोन्ही आणल्या आहेत, नव्या सी-टाइपच्या आणि जुन्या बारीक पिनच्याही. फोन निम्मा तरी चार्ज असू द्या. ज्यांना जीमेलचा पासवर्ड माहीत नाही, त्यांनी आधी रांग लावा, त्यांना वेळ जास्त लागेल.