स्मरणिकेतील संस्था आणि कोशातील संस्था



सुवर्ण महोत्सवानिमित्त स्मरणिका निघते, तेव्हा तिच्यात कृतज्ञता असावी, गौरव असावा, दात्यांची नावे ठळक अक्षरांत असावीत, हे सर्वथा उचित आहे. परंतु हीच संस्था उद्या एखाद्या ज्ञानकोशातील नोंदीचा विषय झाली, तर स्मरणिकेतील किती वाक्ये तिथे टिकतील? ‘अविरत सेवा’, ‘गोरगरिबांचा आधारवड’, ‘इवल्याशा रोपट्याचा वटवृक्ष’ ही पदे सर्वप्रथम गळतात. ‘मान्यवरांच्या शुभहस्ते नेत्रशिबिर संपन्न झाले’ या वाक्यातून दीपप्रज्वलन झाले एवढे समजते. शस्त्रक्रिया किती झाल्या आणि खर्च कोणी सोसला, हे समजत नाही. कोशाच्या वाचकाला नेमके तेच हवे असते.

कोशरचनेचा वारसा मराठीला नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. २००३ पासून मराठी विकिपीडिया आहे. तिथे कोणालाही लिहिता येते, म्हणूनच प्रत्येक विधानामागे संस्थेशी संबंध नसलेल्या लेखकाचा, विश्वासार्ह ठिकाणी छापलेला आधार मागितला जातो. संस्थेने स्वतःविषयी काय म्हटले, यापेक्षा इतरांनी तिची दखल कशी घेतली, याला तिथे अधिक मोल आहे.

ही कसोटी किती कठीण असते, हे एका उदाहरणावरून दिसेल. वाशीत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये कार्य साताऱ्यास नेले. इथवर वाद नाही. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास गेले, परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. समाजाच्या स्मरणिकेत भाऊरावांचे छायाचित्र पानभर येते. हा प्रसंग मात्र बहुधा येत नाही. टीकाकाराने लिहिले, तर तो एवढाच प्रसंग सांगून थांबेल. कोशलेखक तो सांगेल, कोणाच्या आधारे सांगतो तेही लिहील, आणि त्याच भाऊरावांनी पुढे १९१४ च्या डांबर प्रकरणात जैन समाजाचे नेते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याचे नाकारून तुरुंगवास पत्करला, हेही गाळणार नाही. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले, ही हकीकत कोणाच्याही डोळ्यांत पाणी आणील. तरीही ‘इतके तोळे’ लिहिताना तो आकडा कोठून आला, हे विचारावेच लागेल.

जैन न्यायाच्या अभ्यासकांना यात अपरिचित असे काही वाटू नये. प्रत्येक नय वस्तूचा एकेक अंश सांगतो. जो नय इतरांचा निषेध करतो तो दुर्नय. मात्र अनेकांताचा अर्थ सर्व मतांना सारखीच जागा देणे असा नाही. ज्याला पुरावा नाही, त्या मताला कोशात ओळही मिळू नये.

नव्या मुंबईतील संस्थांपुढे आणखी एक अडचण आहे. सिडकोची स्थापना १९७० ची, महानगरपालिका १९९२ ची. व्यापारी बाजारपेठा मुंबईतून इकडे आल्या, त्यांच्यामागोमाग कुटुंबे आली, मंदिरे, शाळा, दवाखाने उभे राहिले; पण या नव्या वस्तीची दखल घेणारी वृत्तपत्रांची पाने तेव्हा थोडी होती. शहर दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे: वाशी-नेरूळ ठाण्यात, तर खारघर-कामोठे रायगडमध्ये. कित्येक विश्वस्त संस्थांची मूळ नोंदणी मुंबईचीच. म्हणून एका संस्थेचा इतिहास शोधणाऱ्याला दोन-तीन कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

तरीही कागद असतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीचा उतारा, विश्वस्तांच्या बदलाचे अर्ज आणि लेखापरीक्षित हिशेब दाखल होतात. स्थापनेची तारीख आणि विश्वस्तांची नावे यांसाठी हे कागद स्मरणिकेपेक्षा भरवशाचे. महत्त्वाचे काय, हे मात्र कागद सांगत नाही. त्यासाठी स्वतंत्र अभ्यासकाचे लेखन लागते.

रुग्णालय चालविणाऱ्या विश्वस्त संस्थांबाबत तर विशेष सावध राहावे. याच अधिनियमाचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. ‘संस्था गरिबांवर मोफत उपचार करते’ हे वाक्य खोटे नाही. पण यातील कायद्याचे बंधन किती आणि त्यापलीकडचे औदार्य किती, हे सांगितले नाही तर ते अपुरे राहते. ज्या संस्था बंधनापलीकडे जाऊन सेवा करतात, त्यांच्यावर अशा लेखनाने अन्यायच होतो, कारण त्यांचे वेगळेपण दिसत नाही.

मग लिहावे कोणी? विश्वस्तांनी, कर्मचाऱ्यांनी वा मानधन घेतलेल्या लेखकाने नोंद स्वतः रचू नये. तारीख चुकली असेल, आकडा जुना असेल, तर विकिपीडियावर लेखाच्या चर्चा पानावर आपला संस्थेशी असलेला संबंध सांगून, पुराव्यासह दुरुस्ती सुचवावी. पैसे देऊन छापून आणलेला मजकूर पुरावा म्हणून पुढे करू नये; जाणकार तो ओळखतात.

स्मरणिकेचे संपादक मात्र पुष्कळ काही करू शकतात. प्रत्येक छायाचित्राखाली वर्ष आणि स्थळ, प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या ३१ मार्चअखेरचा आहे ते, बंद पडलेल्या उपक्रमांचीही एक यादी, आणि जुन्या सभांच्या इतिवृत्तांतून घेतलेले मूळ ठराव जसेच्या तसे. आणि अशा अंकाच्या दोन प्रती शहरातील सार्वजनिक ग्रंथालयात.