तळाच्या स्वराची ओळख



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात अमेरिकेतील जुन्या जॅझ संगीतावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. माझी हयात पाठचिकित्सेत गेली. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते, तरी तो त्याच संताचा असेलच असे नाही, हे मी वर्गात शिकवीत आलो. १९२० ते १९३० या दशकातील जॅझच्या तबकड्यांवर तर वादकांची मुद्राही बहुधा नसते. असते ते केवळ वाद्यवृंदाचे किंवा नायकाचे नाव. कॉर्नेटवादक आपल्या सुरावरून ओळखला जातो. पण ज्याच्या आधारावर सारा डोलारा उभा असतो, तो तळाचा स्वर देणारा कोण?

त्या काळी हे काम दोन वाद्ये करीत. एक ट्यूबा, म्हणजे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य. दुसरे डबल बास, म्हणजे उभे धरून वाजवायचे भले मोठे तंतुवाद्य. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रण भोंग्यातून होई. वादक भोंग्यासमोर बसत आणि त्या ध्वनीच्या कंपनांनी मेणावर रेघ कोरली जाई. डबल बासची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने पावते. इतका खर्ज त्या भोंग्यास पेलत नसे. किंग ऑलिव्हरच्या वृंदाने १९२३ च्या एप्रिलमध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड येथे पहिली ध्वनिमुद्रणे केली, तेव्हा बिल जॉन्सन हा मूळचा बासवादक हाती बँजो घेऊन बसला होता. १९२५ पासून विजेवरचे मुद्रण रूढ होऊ लागले आणि तळाचा स्वर हळूहळू उजेडात आला.

मग कानाने ओळखावे कसे? स्वराचा आरंभ ऐकावा. बोटाने छेडलेली तार चटकन बोलते आणि देवळातील घंटेच्या नादाप्रमाणे विरत जाते. ट्यूबाचा स्वर किंचित फुगून येतो, भरलेला राहतो आणि वादक थांबला की तिथेच संपतो. तार ओढून सोडली की ती पट्टीवर आपटून ‘टक्’ असा आवाज उमटतो. हा आवाज ट्यूबात नाही. मात्र डबल बास गजाने वाजविला, तर त्याचा स्वरही लांबतो आणि कान फसतो. बास सॅक्सोफोनही असाच चकवा देतो.

मीही फसलो आहे. जेली रोल मॉर्टनच्या वृंदाची १९२६ मधील ‘ब्लॅक बॉटम स्टॉम्प’ ही तबकडी मला अत्यंत प्रिय. तीत जॉन लिंडसे डबल बास वाजवितो. पुढे एका संकलनाच्या वेष्टनावर ते नाव मी वाचले आणि त्यातील प्रत्येक गीतात मला लिंडसेच ऐकू येऊ लागला. आमच्या शेजारी एक वृद्ध वादक राहत. येथील अनेक गोमंतकीयांप्रमाणे तेही तरुणपणी मुंबईस गेले, नृत्यवृंदांत व पुढे चित्रपटसंगीतात डबल बास वाजवून परतले. त्यांना मी ‘जंगल ब्लूज’ ऐकविले आणि मोठ्या ऐटीत लिंडसेचे नाव सांगितले. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, “प्रोफेसरबाब, हा माणूस श्वास घेतो.”

मी पुन्हा ऐकले. खरोखरच दोन स्वरांमध्ये फुंकीपुरती जागा होती. ते ध्वनिमुद्रण ४ जून १९२७ चे. त्यात क्विन विल्सन ट्यूबा वाजवितो. मी नाव आधी वाचले आणि मग ऐकले, ही माझी चूक. पाठचिकित्सेत हीच चूक करणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण मी कापीत असे!

मात्र मर्यादाही ध्यानी घ्यावी. कान वाद्य सांगतो. माणूस सांगताना तो एकटा पुरत नाही. हाच विल्सन पुढे अर्ल हाइन्सच्या वृंदात डबल बास वाजवू लागला. म्हणून निःसंशय असलेल्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहावे, मुद्रणाच्या नोंदी पाहाव्यात, सहवादकांच्या आठवणी तपासाव्यात आणि तरीही शंका उरल्यास नावापुढे प्रश्नचिन्ह घालावे. चुकीचे नाव लिहिले, तर एकाचे श्रेय दुसऱ्यास जाते, आणि मृत माणूस तक्रार करावयास येत नाही.

त्या शेजाऱ्यांना मी एकदा विचारले, “आपण कोणकोणत्या गाण्यांत वाजविले?” ते हसले. गायक, संगीतकार यांची नावे तबकड्यांवर छापली; यांचे नाव कुठेच नव्हते. काही गाणी त्यांना आठवत होती, बरीच आठवत नव्हती. मी ती त्याच वेळी लिहून घ्यावयास हवी होती. मी ‘पुढे पाहू’ म्हटले. ते गेले. आज रेडिओवर जुने गाणे लागले की मी तळाचा स्वर ऐकत बसतो. डबल बास आहे, एवढे कळते. ते आहेत की नाहीत, हे कळत नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरात, वाड्यावर असे कोणी असतील. त्यांना आजच विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांचे कामही तळाच्या स्वराचेच होते. ते ऐकण्याचा कान आपणांस लाभो.