दोर बांधण्याआधी
(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाची संहिता)

वळिवाचा पहिला तडाखा बसला की पुण्यात अग्निशमन दलाकडे झाडपडीचे फोन सुरू होतात. कुठं गुलमोहर मोटारींवर आडवा झालेला असतो, कुठं पर्जन्यवृक्षाची भलीमोठी फांदी रस्ता अडवून पडलेली असते. वाऱ्यानं झाड पडलं, असं आपण म्हणतो. पण पुष्कळदा ते आधीच कमजोर झालेलं असतं. केबलसाठी चर खणताना एका अंगाची मुळं तुटलेली असतात. बुंध्याला भिडवून काँक्रीट ओतलेलं असतं. किंवा काही वर्षांपूर्वी भलत्या जागी घातलेला कुऱ्हाडीचा घाव आतल्या आत कुजत आलेला असतो. यातल्या शेवटच्या कारणाविषयी मला आज बोलायचं आहे, आणि तेही खास करून अशा तरुण मुलामुलींशी, ज्यांनी नुकतंच दोरानं झाडावर चढण्याचं शिक्षण पुरं केलं आहे आणि झाडांची निगा राखणं हाच व्यवसाय करायचं ठरवलं आहे.

पुण्याला दोराचं कौतुक नवं नाही. इथली मुलं लिंगाण्याच्या सुळक्यावर, तैलबैल्याच्या भिंतींवर चढत मोठी झाली. 1982 मध्ये स्थापन झालेल्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची माणसं 2012 मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. त्यामुळे कॅराबिनर, प्रुसिकची गाठ, हार्नेस हे शब्द इथं घराघरांत ऐकू येतात. पण कातळावरून झाडावर येणाऱ्याला काही गोष्टी नव्यानं शिकाव्या लागतात. कातळारोहणाचा दोर ताणला जाणारा असतो, कारण त्याला पडणारा माणूस झेलायचा असतो. झाडावरचा दोर फारसा ताणला जात नाही. तो कायम ताठ ठेवायचा आणि पडण्याची वेळच येऊ द्यायची नाही. शिवाय झाडावर आपल्या हातात करवत असते आणि आपला दोर तिच्यापासून वीतभरच लांब असतो. म्हणून कापायला सुरुवात करण्यापूर्वी स्वतःला दोन ठिकाणी बांधून घ्यायचं, हा नियम कधीही मोडू नका. आणि खाली उभ्या असलेल्यांपैकी निदान एकाला वर चढून तुम्हाला उतरवता येत नसेल, तर वर जाऊच नका. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर काही मिनिटांतच त्याच्या जिवावर बेतू शकतं.

आता झाडाकडे वळू. दोर टाकण्याआधी झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारा. बुंध्याशी अळंब्या उगवल्या आहेत का? माती एका बाजूनं उचलली गेली आहे का? लाकडी हातोडीनं खोडावर ठोकलं तर आवाज पोकळ येतो का? वरच्या बेचक्यात चीर दिसते का? वीजवाहिनी किती जवळ आहे? ती जवळ असेल तर महावितरणकडून प्रवाह बंद झाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. ओल्या फांदीतूनही वीज वाहते.

मग प्रश्न येतो, फांदी कुठं कापायची? अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतलं लाकूड तपासलं. 1977 मध्ये त्यांनी मांडलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड त्या भागाभोवती आतून भिंती घालतं, कूज तिथंच कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं सालीचा एक फुगीर कंगोरा असतो. ही भिंत घालण्याची ताकद त्या कंगोऱ्यात असते. खोडाला घासून कापलं तर कंगोरा जातो आणि कूज खोडात शिरते. हातभर खुंट ठेवला तर तो कुजतो. कंगोऱ्याच्या अगदी बाहेर कापायचं, तेही तीन कापांत. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून. दुसरा त्याच्या थोडा पुढं, वरून. यामुळे फांदी साल न सोलता खाली येते. मग राहिलेला खुंट कंगोऱ्यालगत काढायचा. जखमेवर डांबर फासू नका, त्यानं कूज थांबत नाही.

सगळ्यात जास्त मागणी येईल ती शेंडा मारण्याची. "पुढची पाच वर्षं बघायला नको, असं करून टाका," असं तुम्हाला सांगतील. पण शेंडा मारताना दिलेल्या मोठ्या कापांतून कूज उतरते, आणि तिथंच फुटलेले नवे धुमारे सालीखालून वरवर जोडलेले असतात. ते वाढून जड झाले की वादळात तेच आधी तुटतात. अशा वेळी नाही म्हणा, आणि का ते समजावून सांगा. वडाच्या पारंब्या नीटनेटकेपणासाठी छाटायला सांगतील, तेव्हाही विचार करा. जमिनीत रुजलेली पारंबी आडव्या फांदीला टेकू देते. ती तोडली की फांदीचा आधार गेला. जिवंत झाडावर छाटणीसाठी चढताना बुटांना लोखंडी काटेही लावू नका. प्रत्येक पावलाला सालीत एक भोक पडतं.

झाडावर आणखीही कुणाचं घर असतं. उन्हाळ्यात राखी धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून अंडी उबवते, तिचं अन्नपाणी नर बाहेरून पुरवतो. तांबट वाळक्या फांदीत भोक पाडून राहतो. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची घाई नेमकी याच दिवसांत असते. उंचावर आग्या मोहोळ असेल तर जाणत्या माणसाला बोलावल्याशिवाय त्या झाडाला हात लावू नका.

कायद्याचंही सांगतो. 1975 च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण अधिनियमात झाड तोडणं याचा अर्थ फक्त मुळापासून पाडणं असा नाही. झाड कापणं, जाळणं आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात येतं. झाड आपल्या अंगणातलं असलं तरी हा कायदा लागू होतो. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. पुण्याच्या जुन्या रस्त्यांवरच्या कितीतरी वडांना तो लागू पडतो. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी कागदावर पाहिल्याशिवाय करवत बाहेर काढू नका.

मग सुरुवात कशी करायची? आधी जमिनीवर काम करा. दोर धरा, फांदी कुठं पडेल ते ओळखा, माणसं आणि गाड्या लांब ठेवा, वरच्याचा आवाज ऐकायला शिका. मग हातकरवतीनं छोटी छाटणी करा. झाडावर यंत्रकरवत सगळ्यात शेवटी. विम्याचाही विचार करा. नारळ विकास मंडळानं 2011 पासून नारळावर चढणाऱ्यांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांच्यासाठी विम्याचीही सोय केली. फांद्यांच्या झाडावर काम करणाऱ्यांनीही कामाची बोलणी करताना विम्याचा विषय न लाजता काढावा. आणि झाडं ओळखायला शिका. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, पर्जन्यवृक्षाच्या फांद्या लांब आणि जड. दोन्हींवर चढण्याची रीत एक असू शकत नाही.

शेवटी दोन शब्द सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांसाठी. छाटणीचं काम देताना फक्त दर विचारू नका. कोणत्या फांद्या काढणार, का काढणार आणि परवानगी आहे का, हेही विचारा. काम मागायला आलेल्या तरुणानं किंवा तरुणीनं हेच प्रश्न तुम्हाला विचारले, तर काम त्यांनाच द्या. त्यांचे दर थोडे जास्त असतील, पण दहा वर्षांनंतरच्या वादळाचा विचार करूनच त्यांनी ते सांगितलेले असतील.